सगळ्यांदेखत घेतलेली गोळी

"मॅनिक डिप्रेसिव्ह सायकोसिस," डॉक्टर म्हणाले, आणि माझ्या नवऱ्याने लिहून घ्यायला खिशातून पेन काढले. त्यांना वाटले, हे औषधाचे नाव आहे.

डॉक्टरांनी मग समजावले. मन कधी एवढे चढते की झोपेची गरजच वाटत नाही, कधी एवढे खाली बसते की तोंड धुणेही जड जाते. माझे दोन्ही करून झाले होते. चार दिवस न झोपता घरातले प्रत्येक भांडे घासून मी अंगणात मांडले होते, आणि त्यानंतर दोन महिने अंथरूण सोडले नव्हते.

औषध होते लिथियम, एक प्रकारचा क्षार. कमी पडले तर उपयोग नाही, जास्त झाले तर विष. म्हणून ठरावीक दिवसांनी रक्तातले लिथियम मोजायचे. त्याला सिरम लिथियम म्हणतात. त्या सकाळची गोळी रक्त देऊन झाल्यावरच घ्यायची. रक्त मुंबईला जाई, रिपोर्ट आठ दिवसांनी येई. पालघरच्या दवाखान्यात मनाचे डॉक्टर फक्त गुरुवारी बसत. आम्ही बोईसरहून सकाळी निघायचो आणि बाकावर बसून राहायचो. या आजारात निम्मे आयुष्य बाकावर जाते, हे तुम्हाला आधीच सांगून ठेवते.

मी तारापूरच्या एमआयडीसीत औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होते. दिवसभर लोकांच्या गोळ्या खोक्यांत भरायच्या आणि स्वतःची गोळी संडासात लपून गिळायची. तुम्हाला हसू आले तर हसा, मला तेव्हा येत नव्हते. त्यात लिथियमने माझी बोटे थरथरत. त्याला ट्रेमर म्हणतात. बशीतला चहा सांडेल म्हणून कँटीनमध्ये मी सांगायची, "मला चहाने पित्त होतं." सात वर्षे मी चारचौघांत चहा प्यायले नाही.

सातव्या वर्षी डॉक्टरांनी आम्हा चार जुन्या पेशंटांना बोलावले. म्हणाले, "मी औषधाचं सांगतो. भोगलेलं तुम्हीच सांगू शकता. नव्या लोकांशेजारी बसाल का?"

सहा गुरुवार शिकवणी झाली, ओपीडी उरकल्यावर, केसपेपरच्या खोलीत. ऐकायचे कसे, गप्प कधी बसायचे, कोणी जीव द्यायची भाषा केली तर त्याला एकटे न सोडता डॉक्टरांना कसे गाठायचे. सल्ला द्यायचा नाही. आणि दर वेळी तेच एक वाक्य, "जे झालंय तेच सांगा." मला वाटे, एवढ्याशा गोष्टीला सहा गुरुवार कशाला?

माझ्याकडे आलेली पहिली बाई हिरू. मनोरकडच्या पाड्यावरची. पावसावरचे थोडे भात, ते झोडून झाले की नवरा-बायको वीटभट्टीवर. बाळंतपणानंतर तिला माझाच आजार झाला होता. गोळ्यांनी ती शांत झाली, पण हात कापायला लागले, आणि सासूने पोरगी काढून घेतली. पोरीला पाडील म्हणून.

"बाय, तुमी किती वरसं खाल्ल्या गोळ्या?" हिरूने विचारले.

त्वचेच्या डॉक्टरांच्या रांगेत आमच्या कारखान्यातली विमल बसली होती. शिवाय हिरूला उमेद द्यावी असेही मला वाटले. मी हात पदराखाली घेतले आणि म्हणाले, "दोन वर्षं. मग सुटल्या आपोआप. आता मी ठणठणीत."

हिरू चार महिने आली नाही. आली ती दोघांनी धरून आणलेली, मनगटांवर दोरीचे वळ. नवरा भाबडेपणाने सांगत होता, "बाय बोलली ना, आपोआप सुटतात. मंग आमी सोडल्या."

त्याने मला दोष दिला नाही. दिला असता तर बरे झाले असते.

डॉक्टर रागावले नाहीत. फक्त विचारले, "का?" मी म्हणाले, "मला बरी झालेली दिसायचं होतं." ते चष्मा पुसत राहिले. घरी येऊन मी नवऱ्याला म्हटले, आता मी जाणार नाही. मला फार थकवा आला होता, आजाराचा नव्हे, लपवण्याचा.

पण इंजेक्शनांनी हिरू थोडी सावरली तरी गोळी तोंडात घेईना. "डाक्टर खोटा बोलतो. बाय खरी हाय," असे ती सगळ्यांना सांगे. हे ऐकल्यावर घरी बसणे शक्य नव्हते.

त्या गुरुवारी माझीही रक्ततपासणी होती. रक्त दिले, दंडावर कापूस दाबून बाहेर आले. बाकावर हिरू, तिच्याशेजारी मांडीवर पोरगी घेऊन सासू. पलीकडच्या रांगेत, माझे नशीब, पुन्हा विमल.

मी चहा मागवला. पर्समधून गोळी काढली, हिरूला दाखवली आणि पाण्याबरोबर गिळली. "मी खोटं बोलले, हिरू. माझ्या सुटल्या नाहीत. सात वर्षं झाली, रोज घेते." मग चहा बशीत ओतला आणि बशी उचलली. निम्मा चहा साडीवर सांडला. विमल बघतच राहिली.

हिरूने माझी बोटे धरली. "तुमचा बी हात कापतो?"

सासूने विचारले, "पोरां हायत?"

"दोन. धाकटी याच हातांनी वाढवली. पहिले काही महिने खाली बसूनच घेतलं तिला."

सासूने माझ्या बशीकडे बघितले. मग हिरूला म्हणाली, "आदी गोळी घे."

हिरूने घेतली.

"आता खाली बस. मंग देते."

हिरू दवाखान्याच्या फरशीवर भिंतीला टेकून बसली, आणि सासूने पोरगी तिच्या मांडीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये सगळ्यांना कळले होते. दोघी माझ्या टेबलावरून उठून गेल्या. विमल बसून राहिली. मी पूर्ण बरी झालेली नाही, होणारही नाही बहुधा, आणि याचा कंटाळा येतो, हे लपवत नाही. पण डॉक्टरांचे ते एक वाक्य शिकायला मला सहा गुरुवार पुरले नाहीत; हिरूने शिकवले, त्याबद्दल मी तिची ऋणी आहे. आता दर गुरुवारी गोळी मी त्या बाकावरच घेते, आणि नंतर बशीतून चहा पिते.