एका नवरदेवाच्या तीन जागा

ऑफिसात पहिल्यांदा खुर्चीवर बसले तेव्हा मालकांनी मला कॉम्प्युटर शिकवला नाही, हळदीचा बाजार शिकवला. सांगलीत ट्रॅव्हल एजन्सी टाकायच्या आधी त्यांच्या घरात हळदीची अडत होती. जैन माणूस, दिवस मावळायच्या आत जेवणार, त्यामुळे शिकवणीही उजेड असेपर्यंतच.

"हे बघ पोरी," ते म्हणाले, "शेतकरी हळद आणतो, पोती लावतो. व्यापारी लांबनं येतो. दोघांची ओळख न्हाई, पाळख न्हाई. मधी कोण? अडत्या. कुणाचा माल किती शिल्लक हाय, आज भाव काय, ते त्याला ठावं. आता पोती काढ आन् तिथं विमानातल्या खुर्च्या ठेव. हॉटेलातल्या खोल्या ठेव. व्यापाऱ्याच्या जागी आपण. आन् मधी हे." त्यांनी पडद्यावर टिचकी मारली. "ह्यो जगाचा अडत्या. आपण सांगलीत बसून इचारायचं, ह्यो समद्या कंपन्यांची दारं वाजवून येतोय."

मला ते लगेच पटलं. बाजार मला कळत होता, इंग्रजी कळत नव्हतं. सातवीनंतर माझी शाळा सुटली. आई-वडील बीडकडून ऊस तोडायला इकडं यायचे, कधी फलटणकडं, कधी सांगलीकडं, टोळी नेईल तिकडं. कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, धाकट्या भावंडांजवळ कोणीतरी लागायचं, ती मी. भावंडं हाताशी आली, टोळी गावी परतली आणि मी सांगलीत कामाला राहिले. आधी एका दवाखान्यात फोन घ्यायला, मग इथं. या दोन्ही ठिकाणी मला कोणी "किती शिकलीस" म्हणून दोनदा विचारलं नाही. त्याची जाणीव अजून आहे.

मी जात्याच घाबरट. गिऱ्हाइकाचं नाव टाइप केलं की ओळखपत्रावर बोट ठेवून एकेक अक्षर लावून बघते, आणि बघून झालं की पुन्हा बघते. मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "हिच्या हातनं चूक व्हायची न्हाई. झाली तर हिला जेवण जायचं न्हाई."

त्या पडद्यावरची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे जागा धरणं. तिकीट लगेच काढायलाच पाहिजे असं नाही. जागा नुसती धरून ठेवता येते, कंपनी काही मुदत देते. नावासमोर एच-के ही दोन अक्षरं उमटली की समजायचं, खुर्ची आपली. स्टँडवर एस.टी. लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकतो ना, तसंच. फक्त हा रुमाल सांगलीतून दिल्लीच्या विमानात पडतो.

मी ज्यांच्या घरी एक खोली भाड्यानं घेऊन राहते ते आप्पा साखर कारखान्यात फिटर होते, आता घरीच असतात. मावशी म्हणजे त्यांची बायको. गेल्या मे महिन्यात त्यांच्या लेकीचं लग्न होतं. मुलगा फलटणजवळचा, फौजेत, लेहला पोस्टिंग. रविवारी लग्न, म्हणजे शुक्रवारी तरी तो घरी पोचायला हवा. आप्पा एका सकाळी माझ्या दाराशी येऊन उभे राहिले. एरवी ते दाराशी फक्त पाणी आलंय हे सांगायला यायचे.

"जावयाचं तिकीट काढायचं हाय. आपल्याकडनं."

"पण आप्पा, त्यांच्या घरचे काढतील ना."

"आमच्या वेळी नवरदेवाला वेशीवरनं वाजवत आणायचे. वेशीवरची पूजा मुलीकडच्यांनी करायची. आता ह्याची वेस पार लेहला गेलीया, त्याला आमी काय करावं? तितनं आणायचा."

मावशी आतून ओरडल्या, "आन् खिडकीपाशी बसवा म्हणावं, मान हाय त्याचा!"

आजवर त्या घरात मी काही मागितलं होतं, माझ्याकडं कोणी काही मागितलं नव्हतं. मी ऑफिसात जाऊन लेह ते दिल्ली, दिल्ली ते पुणे अशी जागा धरली. रजा मंजूर व्हायची होती म्हणून तिकीट काढलं नाही. एच-के उमटलं. मी ते चार वेळा पाहिलं आणि मावशींना फोन करून सांगितलं, नवरदेव खिडकीपाशी.

तिसऱ्या दिवशी ऑफिस उघडलं तर कंपन्यांचे निरोप जिथं येऊन थांबतात त्या रांगेत एक निरोप बसलेला. नवरदेवाच्या नावासमोर एच-के नव्हतं, एच-एक्स होतं. कंपनीनं जागा काढून घेतली होती. नाव लावून बघितलं, बरोबर. तारीख बरोबर. मग विमान कंपनीला फोन केला. पलीकडची मुलगी हिंदीत म्हणाली, "मॅडम, एक आदमी तीन सीट पर बैठेगा क्या?"

त्याच नावानं, त्याच विमानात, तीन जागा धरलेल्या होत्या. एक आमची, एक फलटणच्या एजंटाची, एक साताऱ्याच्या. आम्ही तिघं एजंट तीन गावांत बसलेले, पण अडत्या एकच. सगळ्यांचा माल त्याच्याकडून कंपनीपुढं जातो. तिथल्या कॉम्प्युटरनं बघितलं, एकाच माणसाचे तीन रुमाल. त्याला वाटलं, कोणीतरी उगीच जागा अडवतंय. त्यानं तिन्ही रुमाल उचलून बाहेर टाकले.

मी लगेच पुन्हा जागा धरली. दुपारी पुन्हा एच-एक्स. कारण तिकडंही एजंटांनी पुन्हा रुमाल टाकले होते. मे महिना, लेहला फिरायला गेलेली सगळी दुनिया परतत होती, आणि दर वेळी बघावं तर जागा कमी झालेल्या. त्यातच नवरदेवाचा फोन आला, रजा मंजूर झाली म्हणून. बिचारा खुशीत होता. त्याला मी काही बोलले नाही, लगेच तिकीटही काढलं नाही; बाकीच्या दोघांनीही काढलं तर पैसे बुडायचे.

फलटणचं बुकिंग त्याच्या चुलत्यांनी केलेलं. आप्पांकडून नंबर घेऊन फोन लावला.

"कोण बोलतंय?"

"सांगलीहून. मुलीकडची."

तोंडातून तसंच गेलं. खरं तर मी भाडेकरू.

"मुलीकडच्यांनी मांडवाचं बघा की मग," चुलते म्हणाले. "पोरगं आमचं. बाप न्हाई त्याला, मी वाढवलाय. त्याला आणायला आमी मेलोय व्हय?"

मी कॉम्प्युटरचं समजावून सांगायला लागले. ते म्हणाले, "त्या कॉम्प्युटरला सांगा, चुलता हाय म्हणून."

साताऱ्याचं बुकिंग नवरदेवाच्या दाजींचं, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याचं. त्यांनाही फोन लावला, तर ते हसतच होते. "आवं ताई, मेव्हण्याला आणायचा मान दाजीचा. मी माघार घेतली तर बायको मला घरात घ्यायची न्हाई. तुमीच सोडा की."

संध्याकाळी घरी गेले. आप्पा ओट्यावर बसले होते. मी सगळं सांगितलं. तिघांतल्या दोघांनी थांबल्याशिवाय पोरगा विमानात बसत नाही, हेही सांगितलं. आप्पा म्हणाले, "म्हंजे आपला रुमाल उचलायचा."

"मी तसं नाही म्हणत, आप्पा."

"मग काय म्हणतीस?"

नवरीमुलगी दारात उभी होती, हातात बांगड्यांचा डबा. ती म्हणाली, "आप्पा, मान-बिन राहू दे, माणूस आणा." मावशींनी तिला दटावलं, पण डोळ्याला पदर त्यांनीच लावला.

खोलीत येऊन भाकरी करायला बसले आणि मला उसाचा फड आठवला. फडात एक जण तोडतो, एक मोळी बांधतो, एक गाडीत भरतो. एकाच उसावर तिघं कोयता घालत नाहीत. घातला तर बोटंच तुटायची. मी पिठाच्या हातानंच ओट्यावर आले.

"आप्पा, लेह ते दिल्ली चुलत्यांनी आणावं. दिल्ली ते पुणे आपण. पुण्यातून घरी दाजींनी, गाडीनं. तीन वेगवेगळे तुकडे, कॉम्प्युटरला कळायचंही नाही."

आप्पांनी विचार केला. "मधला तुकडा आपला?"

"मधला."

"मधला म्हंजे मुख्यच की," आप्पा म्हणाले आणि स्वतःच फोन लावायला उठले.

चुलते कबूल झाले, कारण पोराला लेहवरनं हलवायचं काम त्यांच्याकडं आलं. दाजी कबूल झाले, कारण नवरदेवाला प्रत्यक्ष मिठी तेच मारणार. दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे फलटणच्या एजंटानं पहिली जागा धरली आणि तिथंच तिकीट काढलं. ते झाल्याचा फोन आला तेव्हा मी दुसरं काढलं.

पण आता माझ्या जिवाला नवा घोर. एकच तिकीट असतं तर पहिल्या विमानाला उशीर झाला तरी कंपनी पुढची सोय करते. तिकिटं वेगळी काढली की पुण्याच्या विमानाला लेहचा काही पत्ता नसतो. ते त्याच्या वेळेला उडून जाणार. म्हणून मी मध्ये भरपूर वेळ ठेवून संध्याकाळचं विमान घेतलं होतं. तरी शुक्रवारी लेहला वारा सुटला. पडद्यावर विमान दिसत नाही, नुसती वेळ बदलते. सकाळची वेळ बदलून दुपारची झाली, दुपारचीही पुढं सरकली. मी उठून पाणी पिऊन येई आणि बघे. मालकांनी एकदा विचारलं, "उडालं का?" मी मान हलवली, नाही.

शेवटी उडालं. दिल्लीत उतरल्यावर नवरदेवाचा फोन आला, धापा टाकत. "ताई, मी पळतोय! कुठलं गेट?" मी गेट सांगितलं. पुढं फोन बंद.

बाहेर दिवस कलला होता. मालकांच्या घरून दोनदा बोलावणं आलं. ते म्हणाले, "येतो." आणि बसून राहिले. सूर्य गेला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आता ते आज जेवणार नाहीत.

"मालक, तुम्ही गेला असता तरी..."

"गप बस. लग्न काय रोज असतंय?" त्यांनी कपाट उगीच उघडलं, उगीच लावलं.

रात्री उशिरा फोन वाजला. दाजी होते, गाडीतून ओरडत होते. "आला ओ नवरदेव! लय काळा पडलाय, पण आमचाच हाय! गाडीत बसलाय, पेढा खातोय!" मागून नवरदेवाचा आवाज, "ताई, खिडकीपाशीच होतो!"

मी टेबलावर डोकं ठेवून रडले. मालकांनी दिवे मालवले आणि म्हणाले, "चल, सोडतो घरी."

लग्नात मांडवात चुलते पाहुण्यांना सांगत होते, लेहवरनं आमीच आणला. दाजी सांगत होते, पुण्यातनं मीच आणला. आप्पा कोणालाच काही सांगत नव्हते, पण फेटा जरा तिरपा करून हिंडत होते. मावशींनी मला हाक मारली आणि नवरीच्या मागं उभं केलं, हातात करवलीचा दिवा दिला. "सांभाळ, विझू देऊ नको," एवढंच म्हणाल्या. मी अक्षता पडेपर्यंत दिव्यावरून नजर काढली नाही.

दिवाळीला मी गावी निघाले. सांगलीच्या स्टँडवर बीडकडची गाडी लागली, ही गर्दी. बघते तर आप्पा खिडकीखाली उभे, आणि त्यांचा रुमाल आतल्या जागेवर पडलेला. मी त्यांना म्हणाले, "कशाला आलात?" तेवढ्यात मालकांचा फोन. "पोरी, तुझं तिकीट काढून ठेवलंय ऑनलाइन, सात नंबरची खिडकी. उभी राहू नको."

आप्पांनी ते ऐकलं. म्हणाले, "सात नंबर-बिंबर काय न्हाई. माझा रुमाल हाय तितं बस."

मी आप्पांच्या रुमालावर बसले. सात नंबरवर एका बाळंतिणीला बसवलं. माझ्या एकटीसाठी दोन जागा धरल्या होत्या, आणि त्या काढून घ्यायला इथं कोणता कॉम्प्युटर बसलेला नव्हता. गाडी हलली तेव्हा आप्पा ओरडले, "रुमाल घिऊन ये माघारी!"