कुसुमताईंचा पिवळा वेलगुलाब

आमच्या सावेडीच्या गल्लीत घरं सहाच. पण सहा घरच्या बायका संध्याकाळी कट्ट्यावर बसल्या की गोष्टी साचतच जातात. एक सांगून संपली असं वाटावं, तोवर कुणीतरी म्हणतंच, "अगं, ते राहिलंच की." कुसुमताईंच्या गुलाबाबद्दल तर हे इतक्यांदा झालंय, की म्हटलं एकदा कागदावर उतरवूनच काढावं.

आधी एवढं सांगते. आमची घरं सोसायटीने एकाच नकाशावर बांधलेली. रंग तोच, ओटा तोच, लोखंडी फाटकसुद्धा तेच. कुसुमताईंचे यजमान चित्रकलेचे शिक्षक, नुकतेच निवृत्त झालेले. आम्ही सगळ्या त्यांना सर म्हणायचो. त्यांची दृष्टी अधू होत चालली होती. सगळं धुक्यातल्यासारखं दिसतं, पिवळा रंग तेवढा अजून उठून दिसतो, असं ते सांगायचे. तरी रोज संध्याकाळी एकटेच वाचनालयात जायचे. तिथे कुणीतरी पेपर मोठ्याने वाचायचं, तो ऐकायचा आणि परत यायचं. काठी नको, कुणाचा हात नको.

* * *

एक दिवस मी तांदूळ निवडत बसले होते. सर सरळ आमच्या घरात आले, चपला काढल्या, छत्री खुंटीला अडकवली आणि खुर्चीत बसून म्हणाले, "आज चहात आलं घाल गं जरा."

मी उठले, आलं किसून चहा केला आणि कप हातात दिला. त्यांनी एक घोट घेतला नि थांबले.

"वहिनी, माफ करा," ते म्हणाले. "आमच्या घरी चहात इतकं दूध नसतं."

हसले ते, मीही हसले. पण त्याच आठवड्यात ते सुलोचनाबाईंच्या घरात शिरले, आणि तिथे पाहुणे बसलेले होते. त्या रात्री ते कुसुमताईंना म्हणाले, "आणखी एकदा घर चुकलो, की माझं बाहेर पडणं बंद."

* * *

दुसऱ्या दिवशी कुसुमताईंनी कट्ट्यावर जाहीर केलं. फाटकावर लोखंडी कमान करायची आणि तिच्यावर गुलाबाचा वेल चढवायचा. पिवळा.

सुलोचनाबाई आमच्यातल्या तोंडाने फटकळ. त्या म्हणाल्या, "त्यापेक्षा फाटकच पिवळं रंगवा की. चार दिवसांचं काम."

"मग कशासाठी रंगवलं ते त्यांना कळेल ना," कुसुमताई म्हणाल्या. "गुलाबाचं काय, मला हौस आहे म्हणून लावला, असं सांगता येतं."



* * *

पुण्याच्या एका नर्सरीचा रंगीत चित्रांचा कॅटलॉग मागवला. त्यात पाच पिवळे वेलगुलाब होते. सुलोचनाबाईंनी फिकट सायीच्या रंगाचा पसंत केला. "बघा तरी, अगदी बासुंदीसारखा आहे."

"बासुंदी लांबून दिसते का?" कुसुमताईंनी विचारलं.

मग त्यांनी मला कॅटलॉग उघडून रस्त्यापलीकडे उभं केलं. स्वतः इकडे आपल्या फाटकात उभ्या राहिल्या आणि चष्मा काढून पदराला पुसू लागल्या. मी एकेक पान उलटून दाखवत होते. जाणारे येणारे थांबून बघायला लागले. मला लाज वाटली. म्हटलं, "अहो, चष्मा तरी घाला."

"त्यांना माझ्याहून कमी दिसतं," त्या म्हणाल्या. "मला चष्म्याशिवाय दिसला, तरच त्याचा उपयोग."

* * *

चित्रावर त्यांचा विश्वास बसेना. मग आम्ही दोघी गावाबाहेरच्या धोंडिबाच्या रोपवाटिकेत गेलो. सकाळच्या उन्हात चार वेल पिवळेधमक फुलले होते. कुसुमताई खूश झाल्या. धोंडिबा म्हणाला, "सकाळच्या पारी समदेच पिवळे असत्यात, बाई. खरा रंग कोंचा, ते दुपारी कळतंय."

दुसरी कुणी असती तर घरी गेली असती. कुसुमताईंनी एक रिकामी कुंडी पालथी घातली आणि त्यावर बसल्या. बारा वाजता डबा काढला, अर्धी भाकरी धोंडिबाला दिली. चार वाजेपर्यंत एक वेल पांढरा पडला, दुसरा मळकट झाला, तिसऱ्याच्या पाकळ्याच गळाल्या. कोपऱ्यातला एक मात्र तसाच राहिला, हळदीसारखा. फूल लहान, पण घोस दाट.

"त्याला वास न्हाई," धोंडिबा म्हणाला. "लोक न्हेत न्हाईत त्याला."

"मी नेते," कुसुमताई म्हणाल्या.

निघताना तो मला हळूच म्हणाला, "लई गिऱ्हाईकं पायली, पर डबा घिऊन रोपाची परीक्षा बघाया आलेलं ह्ये पयलंच."

* * *

आता माझी चूक. वेल लावला आणि पावसाळ्यात त्याला एक फुटवा असा जोरात आला, की महिन्याभरात कमानीला टेकला. शेजारी एक किडमिडीत फांदी होती. मोठ्याला जोर मिळावा म्हणून ती मीच माझ्या हाताने छाटली. कट्ट्यावर पेढे वाटायचेच बाकी होते.

कळ्या आल्या आणि उमलल्या त्या फिकट गुलाबी! धोंडिबाला बोलावलं. त्याने वाकून बुंधा पाहिला. "बाई, ज्याच्यावर कलम बांधत्यात, त्या खालच्या खुंटाचा ह्यो रानगुलाब. खरं कलम ह्या बारक्या फांदीचं हुतं. कुनी तोडली?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बुंध्याशी कलमाचा एक डोळा, म्हणजे कोंब, जिवंत होता म्हणून बरं. रानगुलाब मुळापासून काढला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. माझे डोळे भरून आले, तर कुसुमताईच मला म्हणाल्या, "दोन महिने त्याला पाणी मीच घातलं. तुम्ही एकदा कात्री लावलीत. चूक जास्त कुणाची?"

तोवर सरांच्या यायच्या वेळी आमच्यातली कुणीतरी रस्त्यात उभी असायची, सहज आल्यासारखी.

* * *

बहात्तरला पाऊस आलाच नाही. नळाला तीन दिवसांनी पाणी, तेही धारेएवढं. कुसुमताईंनी वेलाला पाणी घालणं थांबवलं. "गावात माणसं घागरी घेऊन वणवण फिरताहेत आणि मी गुलाब जगवू?" त्या म्हणाल्या. पानं सुकत चालली.

तिसऱ्या दिवशी सुलोचनाबाई पातेलं घेऊन त्यांच्या फाटकाशी हजर. "प्यायचं कोण देतंय त्याला? तांदूळ धुतलेलं आहे. तुम्ही घालत नसाल तर मी घालते. बाजूला व्हा."

मग सहाही घरांतून डाळ-तांदळाचं धुवण त्या आळ्यात पडायला लागलं. वेल तगला, आणि पुढच्या वर्षी पावसानंतर कमान अशी फुलली, की कोपऱ्यावरून चष्म्याशिवाय दिसावी. सर घर चुकायचे थांबले.

* * *

पाणी घातलेल्यांना फांद्यांसाठी नाही कसं म्हणणार? कुसुमताईंनी पाचही घरांना छाटणीतल्या फांद्या दिल्या, स्वतः येऊन लावून दिल्या. वर्षभरात सगळ्यांच्या फाटकांवर पिवळे घोस लोंबायला लागले. आम्ही बघत राहायचो, काय शोभा आली गल्लीला! त्याचा अर्थ काय होतो, हे एकीच्याही डोक्यात आलं नाही.

ते आलं एका संध्याकाळी. छाटणीचे दिवस म्हणून कुसुमताईंनी सकाळीच आपला वेल खालपर्यंत छाटला होता. कट्ट्यावर बसल्या बसल्या सुलोचनाबाईंचं लक्ष गेलं. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "पाच फाटकं पिवळी, आणि नेमकं त्यांचंच बोडकं." सरांची यायची वेळ झालेली. मी तशीच धावत कोपऱ्यावर गेले.

"सर, चला, बरोबरच जाऊ," मी म्हटलं.

ते थांबले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "वहिनी, हिला सांगू नका. पिवळं मला पावसाळ्यापासून दिसत नाही."

"मग घर कसं सापडतं?"

"शेळ्या वेल खातील या धाकाने तुम्ही सगळ्या फाटकं लावून घेता. हाताला लोखंड लागतं. माझ्या यायच्या वेळी आमचं तेवढं उघडं असतं."

ते निघाले. पहिल्या फाटकावरून हात गेला, मग दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या. पुढे हाताला काही लागलं नाही, तिथे ते वळले. बोडक्या कमानीखाली थांबले, मान वर केली आणि मोठ्याने म्हणाले, "कुसुम, आज तर कालच्यापेक्षा जास्त फुललाय गं."

आतून कुसुमताईंचा आवाज आला, "हो ना. मी दुपारपासून तेच बघतेय. या, चहा टाकलाय."