न विटणारा निळा

नातीच्या शाळेत पालकांची बैठक होती. मुलगी आणि जावई दोघंही नोकरीवर, म्हणून मी गेले. गणवेशाची सक्ती असावी की नसावी, असा विषय होता. एक गृहस्थ ताडकन उठून म्हणाले, गणवेशामुळं गरीब-श्रीमंत भेद मिटतो, सगळी मुलं सारखी दिसतात. टाळ्या पडल्या. मग नातीच्या वर्गाच्या बाईंनी माझ्याकडं वळून विचारलं, "आजी, तुम्हाला काय वाटतं?"

"मला काही वाटत नाही," मी म्हटलं. धादांत खोटं होतं ते. पण तिथं सांगायला लागले असते तर माझा आवाज चढला असता, आणि नातीला उगाच खाली मान घालावी लागली असती.

सगळी मुलं सारखी दिसतात हे खरंच आहे. माझं दुखणं तेच आहे.

आम्ही सोलापूरच्या भवानी पेठेतले. सत्तर-बहात्तर सालच्या पुढचे दिवस. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि दिवसभर मागांची खटखट. अम्मा मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची. वडील सुताला रंग द्यायचे. त्यांना आम्ही नायना म्हणायचो. रंगाचा कारखाना दुसऱ्याचा, पण भट्टीवरचा शब्द नायनांचा. रंगाचं पाणी गटारीतून आमच्या दारावरनं वाहत जायचं, आणि आज लाल की आज हिरवा, हे आम्हा पोरांना तिथंच कळायचं. नायनांची नखं कायम रंगलेली. लग्नाच्या पंगतीत अनोळखी माणूस आधी त्यांच्या हातांकडं बघायचा आणि मग स्वतःच्या पानाकडं. नायनांना त्याचं काही वाटायचं नाही. मला वाटायचं.

पाचवीला मी मोठ्या शाळेत गेले. पांढरा ब्लाऊज आणि निळा स्कर्ट सक्तीचा. अम्मा म्हणाली, बाजारातनं कापड आणू. नायना भडकले. मी शाळेत जायला लागल्यापासून ते माझ्याशी मराठीत बोलायचे, माझं मराठी सुधारावं म्हणून. त्यांचं स्वतःचं मराठी गल्लीत शिकलेलं.

"रंगाऱ्याच्या पोरीनं बाजारचा रंग घालायचा? लोक माझ्या तोंडात शेण घालतील की."

त्यांनी पांढरं जाड कापड आणलं. शेजारची मैत्रीण माझ्याच वर्गात होती, तिच्या स्कर्टाची उरलेली चिंधी मागवली, आणि मला घेऊन कारखान्यात गेले. कापड हौदातनं वर आलं ते हिरवट पिवळं. माझं तोंड रडवेलं झालं.

"थांब की जरा. वारा लागला की निळं हुतंय, बघ."

आणि खरंच, काठीवर लटकलेलं ते कापड माझ्या डोळ्यांदेखत निळं होत गेलं. मी टाळ्या पिटल्या. नायना मात्र हसले नाहीत. चिंधी आणि कापड उन्हात शेजारीशेजारी धरून ते बघत राहिले, पुन्हा बुडवलं, पुन्हा बघितलं. मग चिंधी कुठं आणि कापड कुठं हे मलाही सांगता येईना.

"फाटंल, पर विटणार न्हाय," ते म्हणाले. एवढ्या अभिमानानं बोललेले नायना मी पुन्हा पाहिले नाहीत.

जूनमध्ये माझा स्कर्ट सगळ्यांसारखाच होता. पण सोलापूरचं ऊन काय चीज आहे ते सोलापूरकरालाच ठाऊक. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरली तेव्हा सगळ्या मुलींचे स्कर्ट विटून राखेवर आले होते. माझा होता तसाच. मुली विचारायच्या, "नवा शिवलास?" मी मान ताठ करून नाही म्हणायची. चार दिवस बरं वाटलं.

मग सव्वीस जानेवारीची तयारी सुरू झाली. लेझीमची कवायत बसवायची होती. लेझीम मला बरी यायची, पाय चुकायचे नाहीत, म्हणून मला पहिल्या रांगेत घेतलं. जीव नाचायला लागला माझा. वर्गात मी कुणाच्या खिजगणतीत नव्हते. माझ्या मराठीला मुली हसायच्या. लेझीम हातात आली की मात्र कुणी हसत नव्हतं.

कवायतीच्या बाई एक दिवस व्हरांड्याच्या पायरीवर जाऊन लांबून रांगा बघत होत्या. त्यांनी शिट्टी फुंकली.

"ती पहिल्या रांगेतली गडद स्कर्टवाली, बाहेर ये. डोळ्यांत खुपतेय. रांग तुटल्यासारखी दिसते."

"बाई, हा गणवेशच आहे," मी म्हटलं.

"आहे गं. पण सगळ्यांसारखा नाही ना. सगळ्यांसारखा घालून ये, मग उभी राहा."

बाई दुष्ट नव्हत्या. त्यांना सरळ रांग हवी होती, बास. पण सगळ्यांसारखा स्कर्ट मी आणणार कुठून? बाजारातनं नवा घेतला असता तरी तो गडदच असणार. विटका स्कर्ट कुठल्या दुकानात मिळतो? मैत्रिणींकडं एकेकच होता, आणि त्या तो घालून रांगेत उभ्या होत्या.

मी तो स्कर्ट सोड्यात भिजवला. दगडावर आपटला. भर उन्हात पत्र्यावर वाळत घातला. अम्मानं दोन धपाटे घातले आणि बजावलं, नायनांच्या कानावर घालू नको. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा आली, आकाशपाळणा लागला, अख्खी गल्ली तिकडं लोटली. मी दारातल्या दगडावर स्कर्ट बडवत बसले होते. तिथंच नायनांनी मला पकडलं.

"काय चाललंय गं?"

"तुमचा रंग जातच नाही, नायना," म्हणून मी भोकाड पसरलं.

ते आधी हसले. त्यांना ती शाबासकी वाटली. मग मी रडत रडत सगळं सांगितलं, तसं त्यांचं हसू मावळलं. बाईंना भेटतो म्हणाले नाहीत. भांडायला जातो म्हणाले नाहीत. भांडले असते तर किती बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना ते फाटकासमोर बोरंवालीच्या टोपलीशेजारी उभे दिसले. मला न्यायला आले असं वाटून मी हात केला. पण त्यांचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. मुली बाहेर पडत होत्या आणि नायना एकेकीचा स्कर्ट बघत होते. चिंधी पाहिली होती, तसंच निरखून.

कारखान्याला सुट्टी होती त्या दिवशी ते मला पुन्हा भट्टीवर घेऊन गेले. ज्या औषधांनी रंग चढवला तीच औषधं पाण्यात टाकली, फक्त रंग टाकला नाही. पाणी तापलं. स्कर्ट आत सोडला. बाहेर काढायचा, धुवायचा, उन्हात धरायचा, मान हलवायची, पुन्हा सोडायचा. चढवताना जेवढी निगा केली होती तेवढीच उतरवताना केली. माझ्या बापाला वाईट काम करताना मी तेवढं एकदाच पाहिलं, आणि तेही त्यांनी चोख केलं. शेवटी त्यांनी हौदाचं बूच काढलं. बाहेर गल्लीतली पोरं ओरडली, "आज निळा! आज निळा!"

"असला रंग मी कुनाला दिला न्हाय आजवर," नायना म्हणाले. बूच परत बसवताना म्हणाले, "हितं कुनाला सांगू नकोस."

सोमवारी बाईंनी पायरीवरून रांग पाहिली आणि कवायत पुढं चालू ठेवली. मी रांगेत मिसळून गेले होते.

सव्वीस जानेवारीला नायना स्वच्छ सदरा-पायजमा घालून आले, दोरीमागच्या गर्दीत उभे राहिले. माझं एकही पाऊल चुकलं नाही. टाळ्या पडल्या. मी धावत घरी आले. ते उंबऱ्यावर बसले होते.

"बघितलं मला?"

"कुटं हुतीस गं तू?" ते म्हणाले. "लई शोधलं. समद्या सारख्याच."

"पहिल्या रांगेत, नायना! डावीकडून तिसरी."

"आसशील." ते आपल्या नखांकडं बघत राहिले. "रंग ऱ्हायला असता तर लांबनं वळखली असती."

मी म्हटलं, थांबा, आत्ता दाखवते, आणि गल्लीतच सुरू केलं. हातात लेझीम नव्हती, तोंडानंच छमछम म्हणत पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी पावलं टाकली. अम्मा सूप बाजूला ठेवून बघायला आली, समोरची माणसं मागावरून उठून आली. नायनाही बघत होते. पण त्यांची नजर माझ्या पायांवर नव्हती. ती स्कर्टावर होती. मी वाकले, बसले, गिरकी घेतली, तरी ती तिथनं हलली नाही.

"बस आता, दमली आसशील," म्हणाले आणि आत गेले.

मी दहा-अकरा वर्षांची होते. मी स्वतःला दोष देत नाही. सरळ रांग हवी असणाऱ्यांना देते, आणि त्या बैठकीत टाळ्या वाजवणाऱ्यांनाही.

पुढच्या जूनमध्ये माझी उंची वाढली आणि तो स्कर्ट तोकडा झाला. नव्याचं कापड अम्मानं बाजारातनं आणलं, नायनांना विचारून. ते म्हणाले, आन की. घरात कसलंही कापड आलं तरी दोन बोटांत चोळून, उजेडात धरून बघायची त्यांची सवय होती, पाहुण्यांच्या अंगावरचंसुद्धा. त्या निळ्या कापडाला मात्र त्यांनी हात लावला नाही.