पिवळ्या दिव्याला न भिणारी

लताचा फोन आला तेव्हा मी चिंचवडच्या शाळेत चौथीच्या मुलांना भागाकार शिकवत होतो. लता ही माझ्या थोरल्या बहिणीची, विमलआक्काची, कंपनीतली मैत्रीण. "मास्तर, आक्का गेल्या ओ… सकाळी पाणी तापवताना छातीत कळ आली, दवाखान्यात नेईस्तोवर…" आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न काय निघावा? "मग आज बायकांना शिफ्टला कोणी नेलं?" बहीण गेल्याचं कळल्यावर माणूस असलं काही विचारतो का! लता म्हणाली, "कुणी न्हाई. सातीजणींचा खाडा झाला." या गोष्टीला दीड महिना होत आला. आधी त्या प्रश्नाची फार लाज वाटली, आता वाटत नाही. आक्कानेही हेच विचारलं असतं.

महाळुंग्याला दिलेली आमची आक्का सातवी शिकलेली. एका कंपनीत तिने बावीस वर्षं गाड्यांचे वायरिंग हार्नेस, म्हणजे वायरींचे जुडगे, बांधले. फळीवर रंगारंगाच्या वायरी ओढायच्या, टोकांना पिना दाबायच्या, वरून टेप गुंडाळायची… दिवसभर उभ्याने. शेवटी खांदा कामातून गेला तेव्हा नोकरी सोडली आणि कुणीतरी वापरून कंटाळलेली जुनी पेट्रोलची व्हॅन घेतली. कारण लाइनीवरच्या कंत्राटी बायकांना कंपनीची बस नव्हती. वाडीवस्तीवरून पहिल्या शिफ्टला पोचायचं तर नवऱ्याच्या नाहीतर दिराच्या मोटारसायकलीची मनधरणी करायची, आणि तीन खाडे झाले की कंत्राटदार नाव कापायचा. अशा सातजणींना आक्का रोज गेटपर्यंत न्यायची. दाजींना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, हे पसंत नव्हतं. "लोक काय म्हणतील?" असं ते म्हणाले, तर ही म्हणते कशी, "लोकांना सांगा, जागा न्हाई. सातीच्या साती शिटा भरल्यात."

एका दसऱ्याला मात्र माझ्या हातून घोळ झाला. खंडेनवमीला आमच्यात यंत्राची पूजा, आणि पूजेला गंजकं यंत्र कसं ठेवायचं? म्हणून मी आदल्या दिवशी जाऊन इंजिनाभोवतीचा पत्रा घासला, बोल्ट सोडले, झकास काळा ऑइलपेंट मारला आणि वाळल्यावर सगळं पुन्हा आवळलं. झेंडूचा हार चढला, नारळ फुटला… आणि सीमोल्लंघन व्हायच्या आतच समोरचा इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा पेटला. व्हॅन आचके देऊ लागली. गॅरेजवाल्याकडचं बिघाडाचे कोड वाचायचं यंत्र तिला लागेना, कारण तिचा प्लग जुन्या पद्धतीचा. मग त्याने वरवर पाहून निकाल दिला, "सेन्सर गेलेत, कॉम्प्युटरही गेला असेल. मावशी, भंगारात द्या." आक्का व्हॅन आचके खात घरी घेऊन आली. तिने डॅशबोर्डखालच्या प्लगच्या दोन भोकांत वायरचा तुकडा अडकवला, इंजिन चालू न करता नुसती चावी फिरवली, आणि तोच दिवा उघडझाप करू लागला. आधी दशकाच्या उघडझापा, जरा थांबून एककाच्या. एक… मग चार. म्हणजे चौदा. कंपनीतल्या एका जुन्या तपासनिसाने तिला ही युक्ती शिकवली होती, कुठला आकडा कुठल्या सेन्सरचा तो कागदही दिला होता. मी एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर आकडे उतरवले. तीन निघाले, तीन वेगवेगळ्या सेन्सरचे.

"तिन्ही बदलून टाकू," मी शहाणपणा केला. आक्का हसली. "मास्तर, दिवा नुसता कुठं दुखतंय ते सांगतो. का दुखतंय ते आपुन शोधायचं. तिघं एकाच दिशी आजारी पडत्यात व्हय? एकाच हिरीचं पाणी पीत असत्याल." ती विहीर म्हणजे अर्थिंग. तिन्ही सेन्सरचं अर्थिंग एका बोल्टखाली पत्र्याला टेकत होतं, आणि तिथे माझा ऑइलपेंट! रंगातून वीज जाणार कशी? तिने पॉलिश पेपरने पत्रा लख्ख घासला, बोल्ट आवळला आणि व्हॅन सुरळीत चालू झाली. मग मुद्दाम गॅरेजपुढे नेऊन उभी केली. तो म्हणाला, "नशिबानं जमलं." आक्काने विचारलं, "नशिबाची वायर कंच्या रंगाची असती रं?" गावात तिने गंज धरल्याचं सांगितलं, माझं नाव कधीही घेतलं नाही. आज मीच सांगतो, तो उद्योग माझा होता.

तेराव्याला आलेले पाहुणे म्हणत होते, "बिचारी! चार बुकं शिकली असती तर…" मी जेवणाच्या पंगतीतच म्हणालो, बिचारी म्हणायचं नाही. फार आवाज चढला माझा, एकदोघे न जेवता उठले. उठू देत. मला अजूनही त्याचं वाईट वाटत नाही. ती बिचारी नव्हती, आणि ती शिकलेली नव्हती हेही मी ऐकून घेणार नाही.

खरी गाठ मात्र पुढेच होती. शेवटच्या आठवड्यात व्हॅनचा दिवा पुन्हा पेटला होता आणि आक्काला बघायला सवड झाली नव्हती. दाजींनी भंगारवाल्याला बोलावलं. "तिच्यासंगं हिचीबी घटका भरली," असं म्हणताना त्यांनी व्हॅनकडे पाहिलंही नाही. तोवर सातजणींपैकी दोघींचे दोन-दोन खाडे झाले होते. लता वायरचा तुकडा घेऊनच आली, आक्काने ती युक्ती तिलाही शिकवली होती. बाकीच्या सहाजणींनी मोठ्याने उघडझापा मोजल्या. एकच कोड निघाला, इंजिनाचं पाणी किती तापलंय ते सांगणाऱ्या सेन्सरचा. लताने सेन्सर बदला म्हटलं नाही, वायर बोटांनी चाचपत गेली. सेन्सरच्या प्लगच्या तोंडाशीच ती आतून तुटलेली. दिवसाला हजारभर पिना दाबणाऱ्या बायका त्या, नवी पीन बसवायला कितीसा वेळ? दिवा विझला. भंगारवाला म्हणाला, "पण टिकंल किती दिवस?" लता म्हणाली, "आमच्या कंत्राटापेक्षा जास्त."

"चालवणार कोण?" दाजींनी विचारलं. लताने पर्समधून लायसन्स काढून दाखवलं. आक्कानेच तिला परीक्षेला बसवलं होतं. दाजी मुठीतली किल्ली पुढे करत म्हणाले, "पेट्रोल कमी हाय. वाटंत भर."

सोमवारी मी रजा टाकून महाळुंग्याला गेलो. लताच्या हातून व्हॅन दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा निघाली. दाजी आणि मी ओट्यावर बसून राहिलो. सातला पाच मिनिटं असताना फोन वाजला. "मास्तर, सातीजणी आत. हजेरीचं पंचिंग झालं." मला रडू आलं, मी लपवलं नाही. दाजींनी फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाले, "लता, किल्ली परत आणू नगं. तुज्यापाशीच ऱ्हाऊ दे."