गयानं भर सभेत नवऱ्याचं नाव घेतलं

गया गेली. सुटली म्हणू नका, तिला सुटायचं नव्हतं.

सकाळी फोन आला. मी आधी चहा संपवला, मंग रडले. या वयात क्रम चुकतो.

मला अक्षर येत न्हाई. नात टाईप करून राह्यली. मधीच डोळे पुसते. म्हणलं, आधी टाईप कर.

निजामाचं राज्य गेलं, त्या पोलिस ॲक्शनला काही सालं झाल्ती. जालन्याच्या एका जिनिंगमधी आम्ही दोघी कापूस निवडायला होतो. दोघींची लेकरं अंगावर पिणारी. गेटबाहेर लिंबाच्या झाडाला त्यांच्या झोळ्या.

लेकरू रडलं की पोलकं भिजायचं. त्यावर कापसाची धूळ चिकटायची. मुकादम सोडायचा न्हाई.

गयाचा नवरा सखाराम, लाल बावट्याचा पुढारी. बोलायला लई गोड. शोषण, वर्ग, क्रांती.

तेव्हा बाई नवऱ्याचं नाव तोंडातून काढत नव्हती. गयाची मोठी सोय झाल्ती. ती त्याला कॉम्रेड म्हणायची.

"कॉम्रेड, भाकरी वाढू का?"

मी म्हणायचे, "गये, तुझी क्रांती चुलीपर्यंत तरी आली गं."

हसायची. तेव्हा हसायची.

संप ठरला. गयानं मीटिंगमधी मागणी ठेवली, लेकरांना पाजायला दिवसातून दोनदा सुट्टी पाहिजे. सखाराम म्हणला, बराबर आहे, मजुरीच्या मागणीसंगं हीपण मांडू.

मंग पोलिसांनी पुरुष उचलून नेले. कापसाच्या गाड्या अडवायला उरलो आम्ही बाया. गेटसमोर बसलो, लेकरं मांडीवर. गाडीवानांनी बैलं सोडून दिली, पण गाडी अंगावर घातली न्हाई.

मालक नमला. पुरुष सुटून आले. वाटाघाटीला तेच बसले.

पुरुषांची मजुरी वाढली. बायांची वाढल्यासारखी झाली. सुट्टीचं नावच न्हाई.

विजयाची सभा. पुढं हार, गुलाल. मागं आम्ही भाकरी थापून राह्यलो.

गयानं तिथूनच विचारलं, पाजायच्या सुट्टीचं काय झालं?

सखाराम समजुतीच्या आवाजात म्हणला, "आधी वर्गाचा लढा. क्रांती झाली की बायांचे प्रश्न आपोआप सुटतात. आत्ता काढले तर मजुरांत फूट पडते."

गया पिठाच्या हातानं उठली.

"सखाराम."

तिच्या सासूनं पदर तोंडात धरला.

"सखाराम, क्रांती होईस्तोवर लेकरू रडत बसत न्हाई. थकून गप होतं. मालक माझा दुश्मन आहे, बराबर. पण झोळीपर्यंत जायच्या वाटेत आता तूपण उभा राह्यला."

खाली बसली. उरलेली भाकरी थापली. पीठ कशाला वाया घालवायचं.

दुसऱ्या दिवशी झोळीतून रडू आलं. गया उठली. मुकादमाला विचारलं न्हाई, युनियनला न्हाई.

तिच्यामागं मी. मंग सगळ्या. ज्यांची लेकरं लग्नाला आल्ती त्या म्हाताऱ्यापण लिंबाखाली येऊन बसल्या. मुकादम कोणाकोणाला अडवणार?

तेव्हापासून दिवसातून दोनदा आम्ही जायचोच. सुट्टी कोणी दिली न्हाई. घेतली.

मंग एकदा सखारामनं स्वतःच्या हातानं भाकरी वाढून घेतली म्हणे. गया म्हणायची, आमच्या घरात क्रांती तेवढीच झाली बाई.

कॉम्रेड पुन्हा कधी म्हणली न्हाई. मरेस्तोवर सखाराम. झेंडा मात्र सोडला न्हाई. गुडघे गेले तरी मोर्चाला.

मी विचारलं, "एवढं होऊन?"

म्हणली, "झेंडा काय त्याच्या बापाचा आहे?"

आज युनियनच्या ग्रुपवर मेसेज आला. नातीनं वाचून दाखवला. 'कॉम्रेड सखाराम यांच्या धर्मपत्नींचे दुःखद निधन.'

म्हणलं, गयाचं नाव कुठंय?

आहे आजी. खाली. बारीक अक्षरात.

मी थकले. आता भांडायला कोणाच्या दारात जाऊ? नातीला म्हणलं, तू तरी मोठ्या अक्षरात लिही, एकटंच लिही.

गया.

जा बाई. कोणाला विचारू नको.