सायकलच्या चाकांचा पिंजरा

माझे सासरे दोन महिन्यांसाठी म्हणून आमच्याकडे नेदरलँड्समध्ये, नीउ-व्हेनेपला आले आणि मार्चमध्ये विमानं बंद झाली. ते आठ महिने राहिले. पुढं मी जे केलं त्यात या आठ महिन्यांचाही थोडा हात आहे. थोडाच. बाकी सगळा माझा.

त्याच मार्चमध्ये मी आर्नहेमच्या एका ऑफिसात रुजू होणार होते. पाच वर्षं नवऱ्याच्या व्हिसावर घरात बसून काढली होती, रडतखडत डच शिकले होते, रोज दीड तास ट्रेननं जायचीही तयारी होती. एका मेलमध्ये सगळं आटोपलं. नवरा दिवसभर माळ्यावरच्या खोलीत कॉलवर. लेकीची शाळा बंद. खाली मी, दिवसाचे पाच चहा आणि सासरे.

माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत होती. आयटीआयमध्ये फिटर शिकवून निवृत्त झालेले. हात सतत काहीतरी शोधत असायचे. आमचे कुरकुरणारे दरवाजे, गळके नळ, सायकलींच्या चेन, सगळं त्यांनी महिन्याभरात नीट केलं. माझी पाच वर्षांची लेक त्यांच्या मागं मागं. ती मराठीला डचमध्ये उत्तर द्यायची, त्यांना डचचं अक्षर कळायचं नाही, तरी दोघं तासन्‌तास बोलत बसायचे. मी जेवायला हाक मारली की ती म्हणायची, आजोबा भरवतील. माझ्या हातचा घास तिला नको झाला होता. मला ते झोंबायचं, अगदी नाकाला मिरच्या झोंबाव्यात तसं, आणि मी ते कोणाला सांगू शकत नव्हते.

त्या दोघांचं एक कासव होतं. घरामागं तळं आहे, सोसायटीच्या बागेएवढं. तिथं काठाच्या फळीवर कानाशी लाल पट्टा असलेलं कासव ऊन खायला यायचं. कोणीतरी पाळून कंटाळून सोडलेलं असणार. रोज सकाळी सासरे पोळीला तूप लावून, तिचे बारीक तुकडे करून घेऊन जायचे. आधी हात जोडायचे. देवळात गाभाऱ्याआधी कासवाला नमस्कार करतात ना, तसा. "देवळं बंद आहेत, निदान कासव तरी उघडं आहे," म्हणायचे. लेकही हात जोडायची. मग ते कासव पाण्यातून येऊन दोघांच्या बोटांतून पोळी खायचं.

मे महिन्यात बदकांची पिल्लं नाहीशी व्हायला लागली. समोरच्या म्हाताऱ्या डच बाईनं गल्लीच्या ग्रुपवर फोटो टाकला: काळं, दगडासारखं, शेपटीवर करवतीचे दाते. चावरं कासव. माणसाचं बोट तोडू शकतं, असं तिनं खाली लिहिलं होतं. खेमेंतेला, म्हणजे नगरपालिकेला फोन केला तर म्हणाले, करोनामुळं माणसं कमी आहेत, थांबा. मी लेकीला तळ्याकाठी जायला बंदी घातली. ती दोन दिवस रडली. सासरे म्हणाले, "रडू नकोस गं, आपण त्या दांडगटाला पकडू."

त्यांनी भंगारातली सायकलची दोन चाकं आणली, आरे काढले, भोवती कोंबड्यांची जाळी गुंडाळली. एका टोकाला नरसाळ्यासारखं तोंड, आत जाता येईल पण बाहेर नाही. वरच्या अंगाला चार रिकाम्या बाटल्या दोरीनं बांधल्या. मला मुद्दाम बोलावून दाखवलं. "हे बघ, पिंजऱ्याचा वरचा भाग पाण्याबाहेर राहिला पाहिजे. कासवाला श्वास घ्यायला वर यावं लागतं. बुडला तर आतलं मरेल. आपल्याला पकडायचंय, मारायचं नाही."

मी म्हटलं, आमिष म्हणून मासळीचा तुकडा लावू. ते म्हणाले, "माझ्या हातानं केलेल्या वस्तूत मांस जाणार नाही." झालं. पोळीच. तूप लावलेली. मला तेव्हाच कळलं होतं की पोळीला कोण येणार. मी बोलले नाही.

तीन दिवस पिंजरा रिकामा. आजोबा-नात खिडकीतून टक लावून बसलेले, हसताहेत, खिदळताहेत. तिसऱ्या संध्याकाळी मी लेकीला वरणभात घेऊन गेले तर तिनं माझा हात बाजूला सारला, डचमध्ये म्हणाली, "तू नको." सासरे हसले. प्रेमानंच हसले असतील. माझं डोकं सटकलं. पिंजरा बघून येते म्हणून मी बाहेर गेले आणि चारही बाटल्यांच्या गाठी सोडल्या. तो तळाशी गेला. स्वतःला सांगितलं, चावरं कासव तळाशीच राहतं, खाली गेल्याशिवाय सापडणार कसं? हे खोटं होतं आणि ते मला ठाऊक होतं.

सकाळी सगळ्यांच्या आधी उठून मी पिंजऱ्याची काठाला बांधलेली दोरी ओढली. आत लाल पट्ट्याचं कासव होतं. मान पूर्ण बाहेर काढून, तोंड वरच्या जाळीत खुपसलेलं. पुढच्या पायांची नखं जाळीत अडकून उलटली होती. पोळी तशीच होती, लगदा झालेली.

अजूनही मी खरं सांगू शकत होते. त्याऐवजी मी दोन बाटल्या परत बांधल्या, नीट, आणि दोन नुसत्या दोरीला लटकत ठेवल्या. मग हाक मारली.

सासऱ्यांनी पिंजरा मांडीवर घेतला. कासवाची नखं एकेक करून जाळीतून सोडवली. मग सुटलेल्या दोरीची टोकं बघत राहिले. "माझी गाठ सुटली?"

"वयानं होतं, बाबा," मी म्हटलं.

लेक मागं येऊन उभी होती. तिनं विचारलं, कासवाला कोणी मारलं. तेवढं त्यांना डचमधूनही कळलं. मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "मी मारलं, बाळा. माझ्या हातून झालं." मग माझ्याकडे बघून, "तू कशाला रडतेस? तुझी काय चूक?" आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

पुढच्या आठवड्यात खेमेंतेची माणसं आली आणि मासळीचं डोकं लावून चावरं कासव एका दिवसात घेऊन गेली.

लेकीनं त्यानंतर आजोबांच्या हातून एक घासही घेतला नाही. त्यांनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा ताट माझ्याकडे सरकवलं. ती माझ्या हातून जेवू लागली. पोटभर, मुकाट्यानं. मला हवं होतं ते मला मिळालं, आणि मी ते रोज दोन वेळा भरवत राहिले.

ऑक्टोबरमध्ये त्यांना विमान मिळालं. विमानतळावर मास्क लावून ते खाली वाकले, दोन्ही हात पुढं केले. ती माझ्या मागं लपली आणि माझा कोट घट्ट धरून त्यांच्या हातांकडे बघत राहिली.

"लाजते हो," मी म्हटलं.

"नाही," ते म्हणाले. "घाबरते. बरोबर आहे तिचं." आणि हात खिशात घालून आत गेले.