घाईकाकीचा गळा

कामठ्याची माझी काकी जेवायचीसुद्धा उभ्यानेच. गळ्याला गाठ, छातीत सदा धडधड आणि पायांना चैन नाही. सारं गाव तिला घाईकाकी म्हणायचं. बस म्हटलं की उत्तर ठरलेलं, "बसून का करू जी? मेल्यावर निजूनच राहीन ना!"

भाताच्या रोवणीत तिची ओळ सगळ्यांच्या आधी संपायची. बाकीच्या बाया ओळ संपली की धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून घटकाभर विसावतात. ही मात्र मागे पडलेलीच्या ओळीत शिरायची, तिच्या वाट्याची अर्धी रोपं, पऱ्हे, लावून द्यायची आणि वर तिलाच शिव्या घालायची.

ही घाई शहरातल्या एका डॉक्टरच्या डोळ्यांत खुपली. रक्तात थायरॉईडचं हार्मोन जास्त निघालं आणि त्याने ग्रंथीच काढून टाकली. काकीचं शरीर जन्मापासूनच त्या हार्मोनला नीट दाद देत नव्हतं, म्हणून ग्रंथी बिचारी जास्त बनवत होती. हृदय तेवढं त्याला पुरेपूर दाद द्यायचं, त्याचीच ती धडधड. एवढा विचार करायला डॉक्टरला वेळ नव्हता. घाई खरी त्याला होती!

मग त्या हार्मोनची, चारचौघांना पुरते तेवढीच गोळी तिला दिली. तिला ती कुठली पुरणार? चेहरा सुजला, आवाज जड झाला. "मले उन्हातबी थंडी वाजून राहिली, डाक्टरसाब." तो म्हणाला, "रिपोर्ट एकदम नॉर्मल है, बाई. आराम करो." आराम! त्या वर्षी रोवणीत काकी धुऱ्यावर बसून होती आणि बाया तिच्याकडे बघायचं टाळत होत्या. माझ्या अंगाचा तेव्हा तिळपापड झाला होता, आजही होतो.

पुढे तिच्या लेकीचा, सुषमाचा गळा तसाच फुगला, तशीच धडधड. डॉक्टर तोच, सल्लाही तोच. काकी खाटेवरून उठली आणि थेट त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. "माहा गळा कापला, पोरीचा नाही कापू देत. माय-लेकीले एकच दुखनं काऊन, हे आधी सांगा!" त्याने पुढच्या पेशंटला हाक मारली. तिने पोरीला धरून नागपूर गाठलं. तिथे दोघींचं रक्त तपासून सांगितलं, हा आईकडून लेकीला आलेला जन्माचा दोष आहे, ग्रंथीला हात लावू नका. काकीची गोळीही वाढवली, पण तोवर हृदय थकलं होतं. ती गेली.

यंदा गावात तपासणीचं शिबिर झालं. डॉक्टर तोच. सुषमाला त्याने ओळखलंही नाही. गळ्याकडे हात नेत म्हणाला, "ये तो निकालना पडेगा."

सुषमाने त्याचा हात झटकला. "हात नका लावू जी. हा गळा माह्या मायनं राखला हाय."